माळ्यावरचा साबण: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळ्याआधी घरात काय काय तयार ठेवावं याची यादी दिली होती. बॅटरी, कागदपत्रं, औषधं, कोरडा खाऊ यांबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. पत्रं आली ती यादीतल्या साबणाबद्दल, आणि बरीच आली. मला मनापासून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली आणि घर सांगलीच्या गावभागात, म्हणजे कृष्णेच्या शेजाराला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी कामाला होते. दोन्ही वेळचं जेवण तिथे वेळेवर यायचं. भाकरी यायच्या, भात यायचा, बिस्किटांचे खोके तर वर्गाच्या छताला लागले होते. शौचालयाबाहेरच्या पिंपाजवळ मात्र साबण नव्हता. पाणी होतं, प्लॅस्टिकचा मग होता, साबण नव्हता. लहान मुलांना जुलाब सुरू झाले तेव्हा कुठे लोक साबण शोधायला लागले, आणि तोवर जवळपासची किराणा दुकानं पाण्याखाली गेलेली होती. म्हणून या विषयावर मी जरा सविस्तरच लिहिणार आहे.

ताई, साबण साठवा म्हणता, पण किती? आम्ही घरात सहा माणसं, त्यात एक वर्षाचं बाळ.
(कुरुंदवाडहून एक वाचक)

याचा हिशेब आधीच करून ठेवलेला आहे. आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या संस्था जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. त्यात माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा साबण आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण धरलेला आहे. तुमच्या सहा माणसांना महिन्याला दीड किलो अंगाचा आणि बाराशे ग्रॅम कपड्यांचा साबण लागेल.

मी दोन महिन्यांचा साठा सांगते. पाणी आठ-दहा दिवसांत ओसरतं हे खरं, पण साबणाची खरी गरज त्यानंतर असते. चिखलात गेलेलं अंथरूण-पांघरूण, भांडी, भिंती, सगळं धुवायचं असतं आणि नेमकं तेव्हाच दुकानदारही आपलं दुकान उपसत असतो. दोन महिन्यांचे झाले तीन किलो आणि २४०० ग्रॅम. बाळाच्या लंगोटांसाठी आणि घरातल्या बायका पाळीला कापड वापरत असतील तर त्यासाठी किलोभर वेगळा धरा. हा खर्च यादीत कुणी लिहीत नाही आणि अडचण मात्र तिथेच होते. सगळं मिळून साडेसहा किलोच्या आत बसलं. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यात एवढा साबण आरामात मावतो. एकदम आणायचीही गरज नाही. दर महिन्याच्या किराण्यात साधारण किलोभर साबण जास्त टाकला की दिवाळीपासून मृगापर्यंत डबा भरतो.

कोणता घ्यावा, हेही तुम्ही विचारलं आहे. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' असा आकडा छापलेला असतो. वडीत खरोखर साबण किती, ते त्यावरून समजतं. भारतीय मानकाप्रमाणे ग्रेड १ साठी तो किमान ७६ टक्के, ग्रेड २ साठी ७० आणि ग्रेड ३ साठी ६० टक्के लागतो. आकडा जास्त असेल तर वडी कडक राहते, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि पुष्कळ दिवस पुरते. साठ्यासाठी अशीच घ्या. पण तीच हवी म्हणून अडून बसू नका. हात स्वच्छ करायला कपड्यांचा साधा बारही तितकाच चालतो, फक्त कातडी कोरडी पडते.

२०२१ च्या जुलैत आमच्या खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. आता साबण ठेवायचा कुठे? आणि तो खराब होतो का? माळ्यावरच्या जुन्या वड्यांवर पिवळट-केशरी ठिपके आले आहेत.
(चिपळूणहून एक वाचक भगिनी)

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी तुमच्या बाजारपेठेत कुठवर चढलं होतं, त्याच्या खुणा कित्येक भिंतींवर आहेत. त्या खुणेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर डबा ठेवा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा सगळ्यांत चांगला, कारण उंदीर आणि खारी साबण कुरतडतात. साबण शेवटी तेलातूनच बनतो आणि त्यांना ते बरोबर समजतं. कोकणातल्या दमटपणात पत्रा गंजतो म्हणून आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. तांदूळ, चहा, पापड यांच्याजवळ हा डबा नको. वास लागतो आणि मग जात नाही.

माझी आजी नव्या वड्या वेष्टनातून काढून कपाटात लुगड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायची. लुगड्यांना वास लागायचा हे एक, आणि वडीतलं पाणी उडून ती टणक व्हायची हे दुसरं. ती पद्धत शास्त्राला धरून आहे. सुकलेली वडी वजनाला हलकी लागते, पण तिच्यातला साबण तेवढाच असतो आणि वापरताना ती जास्त टिकते. फक्त पावसाळ्यात उघड्या ठेवू नका. उन्हाळ्यात सुकवा आणि मे संपायच्या आत डब्यात भरा.

ठिपक्यांबद्दल सांगते. साबणात थोडं तेल साबण न होता उरलेलं असतं. ते हवेने खवट झालं की असे डाग पडतात आणि वासही बदलतो. अशी वडी विषारी होत नाही. कपड्यांना, फरशीला, हात धुवायला वापरून टाका. बाळाच्या अंगाला मात्र नको. वेष्टनावरची तारीख मुख्यतः वास, रंग आणि दिसण्याची हमी असते; कोरडा राहिलेला साबण त्यानंतरही मळ काढतो. तरी जुन्या वड्या आधी वापरायच्या आणि नव्या मागे सारायच्या, एवढी शिस्त ठेवलीत की हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

पातळ हँडवॉशबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. साठ्यासाठी मी तो घेणार नाही. त्यात बहुतेक पाणीच असतं, बाटली गळते, जागा खाते. आणि पुरवायचा म्हणून कुणीतरी त्यात आणखी पाणी ओतलं की टिकाऊपणासाठी घातलेलं द्रव्य पातळ होतं आणि बाटलीतच जंतू वाढू शकतात. तुमच्याकडे वडी असताना याची गरज नाही.

आमच्या बचत गटातल्या बायकांना साबण करायला शिकायचं आहे. पूर आला की साबण मिळत नाही, तर कॉस्टिक सोडा आणि तेल साठवून ठेवावं आणि वेळ पडली की करावा, असा विचार आहे. कृती द्याल का?
(पलूस तालुक्यातून एका गटाच्या अध्यक्षा)

शिकायचं आहे, जरूर शिका. माझं आयुष्य त्यात गेलं आणि अजूनही तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र आल्यावर जे घडतं ते पाहायला मला आवडतं. पण वेळ पडली की करू, हा विचार कृपा करून मनातून काढून टाका.

कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो हवेतलं पाणी ओढून घेतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून हळूहळू धुण्याच्या सोड्यासारखा होतो आणि मग त्याच्यात किती जोर उरला ते घरच्या घरी मोजता येत नाही. फोडलेली पिशवी वर्षभर ठेवली तर तिच्यावर बेतलेला हिशेब चुकणारच. आणि पुराच्या पाण्यात तो डबा उलटला, अंधारात कुणाचा पाय त्यावर पडला, तर? आजूबाजूला धुवायला स्वच्छ पाणी नसताना? शिवाय साबण केला तरी तो चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो. आज पूर आला आणि आज केला, तर वापरायला मिळेल तेव्हा गणपती बसलेले असतील. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: उन्हाळ्यात साबण करा, सुकवा आणि साबणच साठवा. कॉस्टिक जेवढा लागेल तेवढाच आणा आणि त्याच दिवशी संपवा.

आता कृती. पहिल्यांदा फक्त खोबरेल तेलाचा करा. प्रमाण जमायला सोपं, वडी कडक होते आणि बोअरच्या जड पाण्यातही फेस येतो.

खोबरेल तेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, पाणी १८० मिली. सगळं वजनाने. वाटी-चमच्याच्या मापाने साबण करू नका. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा नसेल तर आधी तो आणा. या प्रमाणात मी मुद्दाम कॉस्टिक कमी धरला आहे. एवढ्या तेलाला पुरता ९१-९२ ग्रॅम लागतो. ७३ घातला की सुमारे पाचवा भाग तेल तसंच राहतं, नाहीतर नुसत्या खोबरेलाचा साबण हात फार कोरडे करतो.

भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकच्या बादलीसारखं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं कधीही नाही. कॉस्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. रबरी हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, अंगात पूर्ण बाह्या, पायांत चप्पल. मुलं आणि मांजरं घरात, तुम्ही अंगणात. आधी पाणी घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडा. उलट करू नका; कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप चांगलंच तापेल आणि वाफ येईल, तीत तोंड घालू नका. ते कोमट झालं की कोमट तेलात सावकाश ओता आणि ढवळत राहा. पातळ पिठल्याइतकं दाट झालं आणि वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर दिसली की साच्यात ओता. खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो, म्हणून काही तासांतच, हाताला टणक लागला की मोजे घालून वड्या कापा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर कापताना तुकडे उडतील. मग हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे.

अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली, भरपूर वेळ, किमान पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुता धुताच दवाखाना गाठा.

एक सूचना फार महत्त्वाची. घरात शेंगतेल आहे म्हणून खोबरेलाच्या जागी तेच घातलं, असं करू नका. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा. किलोभर खोबरेलाला पुरता सुमारे १८३ ग्रॅम लागतो, शेंगतेलाला सुमारे १३६. तेल बदललं आणि कॉस्टिक तोच ठेवला, तर उरलेला कॉस्टिक वडीत तसाच राहून हात भाजेल. तळणीच्या उरलेल्या तेलाचाही साबण होतो, गाळून घेतलं की फरशी-कपड्यांना उत्तम, पण तो दुसरा धडा. आधी हा नीट जमू द्या.

खोबरेलाचा भाव पाहता हा साबण दुकानातल्यापेक्षा महाग पडेल, हे गटात आधीच सांगा. आणि विकायचा विचार असेल तर थांबा. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि विक्रीसाठी करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

आमच्याकडे पूर नाही, दुष्काळ आहे. साबण आहे, धुवायला पाणी नाही. काय करावं?
(लातूरहून एक शिक्षक)

सर, तुमचं पत्र वाचून २०१६ चा एप्रिल आठवला. आमच्या मिरजेहून तुमच्याकडे पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर ती भरताना पाहायला माणसं जमली होती.

थोड्या पाण्यात हात धुणं जमतं, पण पाणी मोठ्या धारेने नाही तर अगदी बारीक धारेने यायला हवं. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने दोन-तीन भोकं पाडा. बाटली उलटी करून दाबली की बारीक धार येते. हात ओले करायचे, बाटली ठेवायची, साबण लावून वीसेक सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्या आणि नखं धरून, मग पुन्हा थोडी धार. मळ आणि जंतू सुटतात ते चोळण्याने आणि साबणाने. पाणी फक्त ते वाहून न्यायला लागतं.

शाळेसाठी आणखी स्वस्त उपाय आहे. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा आणि अशाच भोकाच्या बाटलीत भरून हात धुण्याच्या जागी टांगा. मुलं वडी पळवतात, पाण्यात पडू देतात. ही बाटली तशी वाया जात नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे नाही' असं लिहा. तुमच्या भागातल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका होतो, कारण त्यातले क्षार साबणाला धरून बसतात. पावडरीला ही अडचण फारशी येत नाही.

हात धुण्याचं पाणी पिण्याइतकं शुद्ध लागत नाही. आडाचं, पन्हाळीचं पावसाचं पाणी चालेल. आणि टंचाई फारच असेल तर प्रत्येक वेळी नको, पण शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि मुलाला भरवण्याआधी, एवढ्या वेळा सोडू नका.

जंतुनाशक साबणच साठवावा का? तो महाग आहे.
(नाशिकहून)

नको. कराचीतल्या वस्त्यांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण दिला आणि हात धुवायला शिकवलं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब निम्म्यावर आले. काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना जंतुनाशक. दोन्हींत फरक दिसला नाही. त्या पैशांत साध्या वड्या जास्त घ्या.

सॅनिटायझरबद्दल: ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेला असेल तर प्रवासात ठीक. चिखलाने माखलेल्या हातांवर त्याचा उपयोग होत नाही. आणि तो पेटतो, मेणबत्तीजवळ ठेवू नका.

आमच्या आजी राखेने हात धुवायच्या. रिठेही असायचे. आता ते चालेल का?
(महाडहून एक वाचक)

साबण अजिबात नसेल तर लाकडाची स्वच्छ, थंड राख जरूर वापरा. तिच्यात क्षार असतो, घासलं की चिकटपणा सुटतो, आणि नुसत्या पाण्यापेक्षा ती बरी. प्लॅस्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख नको, आणि जखमेवर नको. रिठ्याची टरफलं बिया काढून, वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं राहतात. भिजवून कुसकरली की फेस येतो. कपडे, भांडी, केस यांना छान, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. भिजवलेलं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. तरी सांगते, शौचानंतरच्या हातांसाठी साबणाचा जेवढा पुरावा आहे तेवढा रिठ्याचा नाही. डब्यात आधी साबण, बाजूला रिठे.

पूर ओसरल्यावर घरभर ब्लीचिंग पावडर टाकली, तरी वास जात नव्हता. साबण आधी की ब्लीचिंग आधी?
(सांगलीहून, आमच्याच भागातून)

साबण आधी, नेहमी. चिखल आणि सेंद्रिय घाण ब्लीचिंगमधला क्लोरीन खाऊन टाकते. जंतूंपर्यंत तो पोचतच नाही. आधी फावड्याने आणि पाण्याने गाळ काढा, मग साबणाने किंवा पावडरीने घासून धुवा, स्वच्छ पाणी मारा, आणि त्यानंतर ब्लीचिंगचं पाणी. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात जीवावर बेततं. हे काम गमबूट घालून करा. पायाला चीर असेल आणि पुराच्या पाण्यात उतरावं लागलं असेल तर साबणाने पाय धुणं आवश्यक आहेच, पण लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) बचावाला तेवढं पुरत नाही. आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्यांबद्दल विचारा.

आमच्या सोसायटीतून पूरग्रस्तांसाठी साबण पाठवायचा आहे. कसा पाठवावा?
(पुण्याहून)

तुम्ही साबण म्हणालात याबद्दल आभार, बहुतेक जण बिस्किटं आणि जुने कपडे म्हणतात. दर कुटुंबाला अंगाच्या सहा आणि कपड्यांचे चार बार असं एक पाकीट करा. त्यासोबत झाकणाची बादली, मग आणि भोकं असलेली साबणदाणी द्या, म्हणजे वडी पाण्यात भिजत पडत नाही. शांपू किंवा पावडरच्या छोट्या पुड्या पाठवू नका. दोन दिवसांत संपतात आणि गटारात प्लॅस्टिक साचतं. केंद्राला पाठवत असाल तर शौचालयाबाहेर टांगायला सुतळी आणि नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या वेगळ्या द्या. वडी पिशवीत घालून नळाला बांधली की ती तिथेच राहते.

आणि साबण खाण्याच्या वस्तूंच्या खोक्यात भरू नका. २०१९ मध्ये आमच्या केंद्रात असे खोके आले होते. बिस्किटांना, पोह्यांना साबणाचा इतका वास लागला होता की उपाशी मुलंसुद्धा तोंडातला घास बाहेर काढत होती. साबणाचे खोके वेगळे करा, त्यावर बाहेरून ठळक 'साबण' लिहा आणि ट्रकमध्ये ते खाण्यापासून दूर, ताडपत्रीच्या टोकाला ठेवायला सांगा.